दोष मात्र तिच्या माथी

डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा पुण्यातील एक अभ्यास १९९७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या होत्या. बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता. भोसरी एमआयडीसीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे हे काम. पातिव्रत्य हे एचआयव्हीवरचे कवच नव्हे, हे भोसरीने जगाला दाखवले. शेजारच्या चाकणला ते अजून उमजायचे आहे.

चाकणच्या कारखान्यांभोवतीच्या कुरुळी, निघोजे, महाळुंगेच्या खोल्यांतून बीड-नांदेडपासून बिहारपर्यंतची पोरे दाटीने राहतात. एकाची रात्रपाळी सुटली की तो दुसऱ्याच्या गादीवर आडवा होतो. भाडे, मेसचा डबा आणि गावी धाडायचे पैसे यांत बायकोला इथे आणणे बसत नाही. ती सासरी, हा इथे. सणाला घरी गेलेल्या नवऱ्याकडे तिने निरोधचा विषय काढायचा म्हणजे त्याच्यावर आळ घ्यायचा. लग्नाआधी पत्रिका जुळवतात. रक्ततपासणी सुचवली तर ‘आमच्या मुलावर संशय?’ म्हणून बैठक मोडते. आणि नवरा गेला की हीच पांढऱ्या पायाची! या रोगासाठी परप्रांतीयांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आधी आपल्या घरातली ही रीत पाहावी.

एचआयव्ही असल्याचे कळताच पुण्याच्या एका औषध कंपनीने राजीनामा द्यायला लावलेल्या महिलेला परत कामावर घेण्याचा आदेश कामगार न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तिलाही लागण नवऱ्याकडूनच झाली होती. त्याच वर्षी १० सप्टेंबरला एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यानुसार नोकरीसाठी चाचणीची सक्ती करता येत नाही. शंभर वा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. किती कारखान्यांच्या गेटवर त्याचे नाव दिसते? कंत्राटी कामगाराला तर, अधिकारी राहू द्या, आपला मालक नेमका कोण हेच सांगता येत नाही.

एचआयव्हीला रोखणारी एआरटी औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहेत. ती रोज घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात असे केंद्र आहे. पण औषधाची रांग म्हणजे खाडा, खाडा म्हणजे रोज बुडाला. आणि खरे कारण सांगावे तर कामच जाण्याची धास्ती. मग गोळ्या सुटतात.

एक डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या फेऱ्या आणि लाल फिती पुष्कळ झाल्या. या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महापालिका आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने त्या दिवशी चाचणी वस्तीत न्यावी, इतर दिवशी केंद्रे संध्याकाळी उघडी ठेवावीत. औषधासाठीची रजा कारण न विचारता, भरपगारी मिळावी, ठेकेदाराच्या माणसांनाही. कारखानदार संघटनांनी एवढे तरी या वर्षी करावेच. आणि ज्यांना शंका आहे त्यांनी १०९७ या मोफत क्रमांकावर आजच फोन करावा.