दोन सुया, एक हिशेब

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते, तेव्हा माणसाला धड बसवत नाही की उभं राहवत नाही. या सायटिकावर १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातेलँ या डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक वाट शोधली : माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून मणक्याच्या पोकळीत कोकेन सोडायचं. सरकलेली गादी नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार यांनी मांडलं ते १९३४ मध्ये. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन हे स्टिरॉइड वापरलं आणि पुढच्या दशकात स्टिरॉइड मणक्यापाशी पोहोचलं.

तेव्हापासून या सिरिंजमध्ये बहुधा मिश्रणच असतं : बधिर करणारं औषध, स्टिरॉइड, सलाइन. मग आराम पडला तो कशाने? बरीचशी सायटिका काही आठवड्यांत आपसूकच ओसरते, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या १५८ रुग्णांच्या चाचणीत स्टिरॉइडने पायाची कळ काही काळ कमी झाली. शस्त्रक्रियेची गरज मात्र टळली नाही. २०१४ मध्ये मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांत, नुसत्या लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या तुलनेत स्टिरॉइड मिसळून सहा आठवड्यांनी फारसा फरक दिसला नाही.

आता दोन वाटा एकाच बैठकीत जोडल्या जातात : एक सुई नस बाहेर पडते त्या फटीतून, दुसरी माकडहाडाकडून. कल्पना तर्काला धरून आहे. पण दोन सुयांतून दुप्पट स्टिरॉइड गेलं, तर जिंकली वाट की मात्रा? हे तपासायचं तर एकूण मात्रा सारखी ठेवा, एका वाटेच्या रुग्णालाही दुसरी सुई सलाइनची द्या, पायाची कळ आणि कंबरदुखी वेगवेगळी मोजा, आणि वर्षभर मोजा. मधुमेही रुग्णाची स्टिरॉइडने वाढलेली साखरही त्याच तक्त्यात लिहा.

२०१२ मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित स्टिरॉइडमुळे साठाहून अधिक माणसं गेली. दोष औषध बनवणाऱ्यांचा होता, पण किंमत मोजली ती सुई टोचून घेणाऱ्यांनी. म्हणूनच दुसऱ्या सुईने आधी आपली गरज सिद्ध करावी. कळ असह्य झालेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. त्याच्या वतीने पुरावा मागणं हे वैद्यकाचं कर्तव्य आहे.