मामा, जाऊ द्या ना!

‘पुढे मामा उभाय, गल्लीतून घे!’ असं मित्राला ओरडून सांगणारा पोरगा त्याच चौकात पकडला गेला की हात जोडतो, ‘मामा, जाऊ द्या ना!’ वाहतूक पोलीस तोच, हाकही तीच. आधी इशारा होता, आता आर्जव.

आजोळ हा आपला हट्टाचा मुलूख. काकाशी बांधावरून भांडण होऊ शकतं, मामाशी वाटणीचा प्रश्न सहसा येत नाही. सुट्टीत लाड त्याने करायचे, लग्नात नवरीला बोहल्यावर त्याने आणायचं. म्हणून ज्याच्याकडून सवलत हवी तो आपोआप मामा होतो. आणि सढळ हाताने देणारा माणूस फसवायलाही सोपा! ‘त्याचा पार मामा केला’ यामागे हाच हिशेब असावा. त्यात कंस आणि शकुनी हे दोघेही मामाच निघाल्याने कारस्थानी माणसासाठीही शब्द तयार मिळाला. निवडणुका आल्या की शकुनिमामा प्रत्येक पक्षाला विरोधी गोटात दिसतो.

याच हाकेला मानही आहे. नाटककार भार्गवराम विठ्ठल वरेरकर (१८८३–१९६४) महाराष्ट्राला ‘मामा वरेरकर’ म्हणूनच माहीत. २०२५ साली पद्मश्री जाहीर झालेले अशोक सराफ सगळ्यांचे अशोकमामा. गंमत म्हणजे १९७५च्या ‘पांडू हवालदार’मध्ये ते सखाराम हवालदार होते, मामांनी वर्दी तेव्हाच चढवली होती!

पण नाटक-सिनेमाबाहेर ही हाक कुणाला मिळते, ते पाहा. सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलणारे मामा, डॉक्टर मात्र सर. शाळेत घंटा देणारे मामा, मुख्याध्यापक सर. चौकातला हवालदार मामा, फौजदार साहेब. हुद्दा चढला की नातं संपलं. आपुलकीची म्हणून मिरवणारी ही हाक पायरी बघूनच मारली जाते, आणि खालच्या पायरीवरच्या माणसाचं नाव विचारायची गरजही त्यामुळे उरत नाही. वर्षानुवर्षं ते फक्त मामा राहतात.

पटत नसेल तर एकदा फौजदाराला ‘मामा’ म्हणून बघा. जीभ रेटणार नाही. मग वॉर्डातल्या मामांना निदान त्यांचं नाव तरी विचारा.