आधी कागद, मग किचन



मूल परदेशी शिकायला निघालं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "किचन वेगळं आहे ना?" प्रश्न रास्त आहे. एकाच फ्रीजमध्ये शेजारी अंडी-मांस ठेवलेलं असलं की जीव कालवतो. तरी माझं मत असं, की आधी भाड्याचा कागद विचारा.

आपल्या शेजारी कारंजाला 1918 पासून महावीर ब्रह्मचर्याश्रम आहे. तिथे मूल ठेवताना आईला घोर नसे, कारण संस्था आपली. परदेशात घरमालक अनोळखी, मग भरवसा कायद्याचाच.

जर्मनीचं घ्या. तिथे डिपॉझिट वीज-हीटिंगचा खर्च सोडून तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. तो द्यायला नकार असेल, तर खोली स्वस्त असली तरी नको. "आधी पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल," म्हणणारा तर नकोच नको.

मग किचन. भांडी वेगळी, फ्रीजचा एक कप्पा वेगळा, एवढं सहसा जमतं. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळचा डबा कॉलेजातच खावा लागेल. तेव्हा खोली किती लांब, हेही विचारा.

नियम मुलं पाळतील, तेवढे संस्कार आपण दिलेत. पण दागिने मोडून भरलेले पैसे परत मिळायचे, तर हातात कागद हवा.