परक्यांच्या गोष्टी कशाला?

“परदेशी गोष्टी वाचून मुले आपली संस्कृती विसरतात,” असा आक्षेप अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. वरकरणी हे संस्कृतिरक्षण वाटते; वस्तुतः ती अनास्था आहे. कारण याच घरांत कुमारवयीन मुलांच्या हाती गाइडखेरीज मराठी पुस्तकही पडत नाही.

साने गुरुजींना कोणी परका म्हणेल काय? १९३० च्या सत्याग्रहात तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले. ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. त्याच लेखणीने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

ॲन फ्रँकची रोजनिशीही मराठीत उपलब्ध आहे. १९४२ साली, तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत तिने ती लिहावयास घेतली. केवळ ज्यू म्हणून तिच्या कुटुंबाला ॲमस्टरडॅममध्ये लपून राहावे लागले. ती वाचणारी वऱ्हाडी मुलगी डच होत नाही. माणसाला परके ठरविणे म्हणजे काय, हे तिला उमगते.

ही समज आपल्याला येथेच हवी आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीहून अगदी निराळी. त्या घरातील मूल शहरातल्या वर्गात मराठी बोलताना अडखळले, तर हसणाऱ्यांत आपली मुले नसतील, अशी खात्री आपण देऊ शकतो काय?

पालकहो, या नाताळात मुलांना नव्या कपड्यांबरोबर दूरदेशीचे एक पुस्तक द्या. आणि मेळघाटची एखादी कथा कोरकू माणसाच्याच तोंडून ऐकवा.