चुकलेल्या नोटांचे भाविक

चूक केल्याबद्दल सत्कार होतो असा एकच कागद जगात मला ठाऊक आहे, तो म्हणजे चलनी नोट. मी कॉमर्सचा पदवीधर, गेली वीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला. आमच्या हातून व्हाउचरवर एक शून्य जास्त पडले तर मेमो. संध्याकाळी कॅश शंभराने कमी भरली तर भरपाई आमच्याच खिशातून. आणि छापखान्यात ताव दुमडून कटाईत नोटेला कागदाची जादा शेपटी राहिली, की संग्राहक मंडळी तिला ‘बटरफ्लाय’ म्हणून डोक्यावर घेऊन नाचणार!

बरे, खऱ्या संग्राहकाशी माझे भांडण नाही. नोट काही एका दमात छापत नाहीत. आधी मागच्या नक्षीचे रंग, मग बोटाला लागते ती उठावाची छपाई, मग नंबर, मग कटाई. मध्ये तपासणारे डोळे. आमच्या नाशिकरोडचा छापखाना १९२८ पासून हेच करतोय. एवढ्यातून एखादी वेडीवाकडी नोट निसटते म्हणजे तिची कर्तबगारीच म्हणायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या पाचशेच्या काही नोटांवर गांधीजींच्या चेहऱ्याला दुहेरी सावली आली. रिझर्व्ह बँक म्हणाली, घाईत झाले असेल, नोट चालवा किंवा परत करा. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशात श्योपूरच्या शेतकऱ्यांना बँकेतून दोन हजाराच्या नोटा मिळाल्या, त्यांवर गांधीजीच नव्हते! नोटा मात्र खऱ्या निघाल्या.

माझे भांडण आहे ते भाविकांशी, आणि त्याहून जास्त त्यांच्या पुजाऱ्यांशी. गेवराईत चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये सतत कोणीतरी ओरडत असतो : नंबरात तारा असेल तर मिसप्रिंट, लाख रुपये! अहो, सदोष नोट छापखान्यातच सापडली की तिच्या जागी ताऱ्याची नोट घालतात. २००६ पासूनची ही पद्धत. तारा म्हणजे चूक वेळेवर सापडली, एवढाच अर्थ. पण हे ऐकायला कोणाला वेळ आहे?

मागे ऊसतोडीहून परतलेले एक आबा काउंटरला आले. धोतराच्या सोग्यातून पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट काढली. “सायब, हिचे लाख येतेत म्हनं. तुमी निस्ता शिक्का मारा खरी हाये म्हनून.”

“आबा, पैसे भरले का कुठं?”

“भरले की. आदी रजिस्ट्रीचे, मंग कमिशनचे. आता जीएसटी मागायलाय त्यो.”

लाखाच्या नोटेचा मालक उचल घेऊन जीएसटी भरणार! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगून ठेवले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, आपण असले शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने तसे मागायचा अधिकारही कोणाला दिलेला नाही. पण ते पत्रक टपरीवर कोण वाचतो?

आता त्या शिक्क्याविषयी. चुकीची नोट अस्सल ठरवणे हे बँकेचे कामच नव्हे. आम्ही नोट खरी की खोटी एवढे बघतो. चूक खरी की खोटी, हे निराळे शास्त्र. नंबर रबराने खरवडून ‘बिननंबरी’ नोट करणारे बहाद्दर आहेत. भिंगाखाली कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात, यूव्ही दिव्याखाली खोडलेल्या नंबराचा मागमूस पुष्कळदा चमकतो. औषधाने शाई उडवली तरी उठाव बोटाला लागतो. ओली शाई दुसऱ्या तावाला लागून उमटलेली खरी चूक असेल, तर ती आरशातल्यासारखी उलटी असते. सुलटी उमटली असेल तर हात जोडावेत. हौशी लोक नोट अमेरिकेतल्या पीएमजीकडे पाठवतात. ते सत्तरपैकी गुण देऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करतात. मला बी.कॉम.ला एवढे गुण कोणी दिले नाहीत.

विकत घेणाऱ्याने एवढेच विचारावे : ही चूक कोणत्या टप्प्यावर झाली? सांगता आले नाही, तर ती विकणाऱ्याच्या घरी झाली. आणि नोट विकायच्या आधी जो तुमच्याकडूनच पैसे मागतो तो संग्राहक नव्हेच, भामटा आहे.

आबांना मी १९३० नंबर लावून दिला, सायबर तक्रारीचा. तक्रार नोंदवली. नोटेचे पाच रुपये सुटे देऊ का म्हणालो, तर त्यांनी ती पुन्हा सोग्यात बांधली.

“राहू द्या,” म्हणाले, “भाव वाढला तर?”