कोपरारक्षकाची किंमत ठरते कशी?
वाशिमच्या महाविद्यालयीन कबड्डीपासून प्रो कबड्डीच्या लिलावापर्यंत

वाशिम, विशेष प्रतिनिधी : प्रो कबड्डी लीगचा लिलाव आला, की चर्चा होते ती चढाईपटूंची. तथापि, लीगमध्ये एक कोटी रुपयांचा पल्ला सर्वप्रथम गाठणारा खेळाडू चढाईपटू नव्हता. 2018 मध्ये यू मुम्बाने इराणच्या फजल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले. फजल हा डावा कोपरारक्षक. त्याआधी केवळ चार वर्षे, म्हणजे 2014 च्या पहिल्या लिलावात, सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार 12 लाख 80 हजार रुपयांना पाटणा पायरेट्सकडे गेला होता. पुढे 2023 मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या दुसऱ्या इराणी कोपरारक्षकावर 2 कोटी 35 लाखांची बोली लावली आणि त्याच हंगामात विजेतेपद पटकावले. 2025 मध्ये गुजरात जायंट्सने याच खेळाडूसाठी 2 कोटी 23 लाख मोजले.

कोपऱ्याला एवढा भाव आला असताना वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या महाविद्यालयीन संघातून कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलाची पारख कोणत्या निकषांवर व्हावी, हा प्रश्न जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर गुणफलकावर सापडत नाही, हीच खरी अडचण आहे.

सात जणांच्या साखळीत कोपरारक्षक दोन्ही टोकांना उभा असतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असते. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील, तरच बोनस मिळतो. त्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टाकून दुसरा हवेत ठेवावा लागतो. तो पाय अनेकदा कोपरारक्षकाच्या पुढ्यातच पडतो. घोट्याची पकड टाकण्याची संधी तेवढ्या क्षणापुरतीच असते. पकड चुकली, तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, कोपरारक्षक बाद होतो आणि ती बाजू पुढच्या चढाईसाठी उघडी पडते. त्यामुळे कोपरारक्षकाची पहिली कसोटी ही झेप नसून संयम असते. पाय आत आला म्हणून झेपावणारे अनेक असतात. चढाईपटूचे वजन त्या पायावर आले आहे की नाही, हे पाहून थांबणारे थोडे असतात.

दुसरी कसोटी जोडीची. घोटा धरला, तरी 80 किलोचा चढाईपटू एका हाताने थांबत नाही. शेजारचा मध्यरक्षक तत्क्षणी अंगावर आला पाहिजे. म्हणून एखाद्या मुलाच्या यशस्वी पकडींत त्याच्या जोडीदाराचा वाटा किती, हे तपासल्याखेरीज निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. जोडीदार बदलला, की निम्म्या पकडी नाहीशा झाल्याची उदाहरणे कबड्डीत नवी नाहीत.

आकड्यांना अर्थच नाही, असे म्हणता येणार नाही. 2018 च्या हंगामात उत्तर प्रदेश योद्धाच्या नितेश कुमारने उजव्या कोपऱ्यावरून पकडींचे 100 गुण मिळवले. एका हंगामात हा टप्पा गाठणारा तो पहिलाच. मात्र लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला अनेक सामने येतात, समोर तोलामोलाचे चढाईपटू असतात आणि प्रत्येक चढाईची नोंद होते. महाविद्यालयीन स्पर्धेत संघ दुसऱ्याच दिवशी बाद झाला, तर मुलाच्या नावावर दोन सामने उरतात. शिवाय एखादा कोपरा भक्कम आहे हे कळताच चढाईपटू त्या बाजूला फिरकत नाहीत. मग उत्तम कोपरारक्षकाच्या नावावर पकडी कमीच दिसतात. त्याने अडवलेले अर्धे मैदान कोणत्याही तक्त्यात येत नाही.

वाशिमसारख्या ठिकाणी यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली वजनाची. विदर्भात वजनगटाच्या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. कमी वजनाच्या गटात मैदान गाजवणारा मुलगा वरिष्ठ गटात जातो, तेव्हा त्याच्यासमोर 85 किलोपर्यंतचा चढाईपटू असतो. वजनगटातील चषकांचे प्रशस्तिपत्र त्यामुळे जपूनच वाचावे लागते. दुसरी गोष्ट मातीची. मातीवर पाय रुतवून धरलेला घोटा आणि मॅटवर बूट घालून धरलेला घोटा यांत अंतर असते. मॅटवर चढाईपटूचे वळणे वेगवान होते आणि बचावपटूच्या चुकीला क्षमा राहत नाही. मातीवरच वाढलेल्या मुलाचा पहिला मॅटवरील सामना पाहून त्याला नापास करणे अन्यायाचे होईल. तिसरा-चौथा सामना पाहावा. तेवढे सामने त्याला मिळतात का, हा मात्र वेगळा प्रश्न.

महाविद्यालयीन मार्ग अरुंद आहे. अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम असे पाच जिल्हे येतात. विद्यापीठ संघ बारा जणांचा. त्यात कोपऱ्याच्या जागा राखीव धरूनही फार तर चार. पुढे पश्चिम विभागीय आणि नंतर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. 2024 च्या लिलावासाठी पाचशेहून अधिक खेळाडूंच्या यादीत त्या वर्षीच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील अंतिम फेरीच्या दोन संघांचे 24 खेळाडू घेण्यात आले होते. म्हणजे मुलगा कितीही गुणी असो, त्याचा विद्यापीठ संघ अंतिम फेरीत गेला नाही, तर हे दार बंदच. उरतात त्या लीगमधील संघांच्या नवोदितांसाठीच्या निवड चाचण्या. चाचणीत कोपरारक्षकाला अनोळखी मध्यरक्षकाशेजारी उभे केले जाते. चढाईपटू एकट्याच्या बळावर डोळ्यांत भरू शकतो, कोपरारक्षकाला ती सोय नाही.

राज्यातील कोपरारक्षकांना लीगमध्ये स्थान मिळालेले नाही, असे नाही. ठाणे जिल्ह्यातील गिरीश इर्नाक डाव्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यावर खेळून नावारूपाला आले. पण मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात स्थानिक संघांची आणि नोकरी देणाऱ्या आस्थापनांच्या संघांची साखळी आहे. विदर्भाची कबड्डी संघटना स्वतंत्र असल्याने राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा वेगळा संघ उतरतो, ही जमेची बाजू. तिचा लाभ पश्चिम विदर्भातील लहान जिल्ह्यांपर्यंत किती पोहोचतो, हे संघटनेने तपासावयास हवे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवणारा चमू अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा होता, याचा अभिमान या भागात आजही आहे. अभिमानाने मॅट येत नाही, एवढेच.

लिलावातील सर्वांत खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत अलीकडच्या हंगामांत नऊ लाख रुपये राहिली आहे. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पण ती एका हंगामाची आणि संघाने घेतले तरच. दुसरीकडे शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी पात्र स्पर्धेतील कामगिरीचे वैध प्रमाणपत्र लागते. वीस-एकविसाव्या वर्षी हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करावी की आणखी दोन वर्षे कबड्डीला द्यावीत, या पेचात असतो. त्याला खरे सांगणारा कोणी भेटला, तर ती दोन वर्षे वाचतात किंवा सार्थकी लागतात.

यासाठी फार खर्चाची गरज नाही. महाविद्यालयाने मुलाचे पूर्ण सामने चित्रित करून ठेवावेत, निवडक पकडी नव्हेत. मोबाईल अंतिम रेषेमागे उंचावर स्थिर ठेवावा. चढाईपटूच्या मागे फिरणाऱ्या चित्रणात कोपरारक्षक दिसतो तो पकडीच्या क्षणीच. त्याआधीची त्याची पावले, मध्यरक्षकाला केलेली खूण आणि मुद्दाम सोडून दिलेला पाय त्यात येत नाहीत.