स्कॅनर कोणाच्या नावाचा?

मागच्या महिन्यात काही कामानिमित्त आम्ही नागपुरात होतो. सकाळी इंदोऱ्याकडे एका तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबलो. गाडी एका बाईची. पहाटे चारला उठून चणे शिजवायचे, कांदे चिरायचे, सहाच्या आत चौकात गाडी लावायची, कारण ड्युटीवर जाणारी माणसे तेव्हाच येतात. पोहे खाऊन झाल्यावर आम्ही खिशातला फोन काढला, गाडीला चिकटवलेला स्कॅनर दाखवला, तर पडद्यावर एका पुरुषाचे नाव आले. आम्ही विचारले, हे कोणाचे?

"पोराचं आहे जी," बाई म्हणाली. "बँकेत कोन जाते? त्यानंच लावून देल्लं."

"मग रोजचे किती आले ते कसे कळते?"

"तो सांगते संध्याकाळी. इचारलं त सांगते."

मुलगा वाईट नाही, हे तिनेच दोनदा सांगितले. पण सिलिंडर संपला की तिला त्याच्याकडे हात पसरावा लागतो. आणि पैसे तिच्याच घामाचे.

हे सांगण्याचे कारण असे की, लहान धंद्यासाठी पैसे घ्यायला कोणते ॲप चांगले, असे आम्हाला बरेच वाचक विचारतात. कोणाची पानपट्टी आहे, कोणी शिवणकाम करते, कोणी डबे देते. फोन पे घ्यावे की गुगल पे, पेटीएम घ्यावे की भीम? त्यावर आम्ही उलट विचारतो, की पैसे कोणाच्या खात्यात पडणार? हे आधी ठरले पाहिजे. ॲपचे नंतर पाहता येते.

याला कारण आहे. ही सारी ॲपे म्हणजे निरनिराळे दरवाजे आहेत, आतला रस्ता एकच. त्या रस्त्याचे नाव यूपीआय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो २०१६ साली सुरू केला. गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसा निघतो आणि तुमच्या बँकेत येतो. म्हणून तुमच्या गाडीवर कोणत्याही कंपनीचा स्कॅनर असला तरी गिऱ्हाईक आपल्या फोनमधल्या कोणत्याही यूपीआय ॲपने पैसे देऊ शकते. गाडीवर तीन-तीन कागद चिकटवण्याची काही गरज नाही.

भीम ॲपबद्दल दोन शब्द. ३० डिसेंबर २०१६ रोजी ते सुरू झाले आणि त्याला बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव पैशाच्या ॲपला असावे, हे आम्हालाही आवडले, आणि वस्तीत अनेकांनी केवळ नावाखातर ते फोनमध्ये ठेवले आहे. जरूर ठेवावे. ते मराठीतही चालते. पण धंद्याची निवड नावावरून करू नये, एवढे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खात्याकडे येऊ. आपल्याकडील बहुतेक बायकांचे बँकेत खाते आहे. २०१४ नंतर जनधनमध्ये तर घरोघरी खाती उघडली गेली. घोटाळा होतो तो मोबाईल नंबरात. खाते उघडताना फॉर्मवर नंबर कोणाचा लिहिला? नवऱ्याचा, नाही तर मुलाचा, कारण तेव्हा बाईकडे फोनच नव्हता. यूपीआयचा नियम असा की बँकेत जो नंबर नोंदलेला आहे, त्याच नंबरचे सिम ज्या फोनमध्ये असेल तिथेच ते खाते जोडले जाते. म्हणजे खाते आईचे, पासबुक आईचे आणि चावी मुलाच्या खिशात. आई हातात नवा फोन घेऊन कितीही वेळा ॲप उघडो, तिचे खाते तिला सापडणार नाही.

यावर उपाय अवघड नाही, पण तो बँकेत जाऊनच करावा लागतो. पासबुक आणि आधार घेऊन आपल्या शाखेत जावे, मोबाईल नंबर बदलण्याचा फॉर्म मागावा, भरून द्यावा. आधारलाही तोच नंबर जोडून घ्यावा, म्हणजे डेबिट कार्ड नसले तरी आधारवरून पिन तयार करता येतो. "उद्या या" असे उत्तर मिळाले तर उद्या जावे. परवाही जावे. स्मार्टफोन नसेल तर साध्या फोनसाठीही मार्च २०२२ पासून यूपीआयची सोय आहे, त्याची चौकशी बँकेतच करावी.

पिन मात्र बाईने स्वतः टाकावा आणि तो घरातही कोणाला सांगू नये. यावरून घरात कुरबूर होईल हे आम्हाला ठाऊक आहे. होऊ द्यावी.

एवढे झाल्यावर ॲप निवडणे सोपे जाते. कंपनीचा पोरगा स्कॅनर घेऊन गाडीवर येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की पैसे खात्यात कधी पडतील. साध्या यूपीआयमध्ये ते तत्काळ पडतात. पण व्यापाऱ्यांसाठी जे वेगळे स्कॅनर देतात, त्यांतील काहींमध्ये दिवसभराची कमाई साठवून रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खात्यात टाकतात. ज्याला पहाटे मंडईत भाजी उचलायची आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

दुसरी गोष्ट, पैसे आल्याची घोषणा करणाऱ्या पेटीचे भाडे. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. पण पेटीचे भाडे ही वेगळी बाब आहे. ते दरमहा किती, कमाईतूनच कापणार का, पेटी परत केली तर ठेव मिळणार का, हे विचारून लिहून घ्यावे. तरीही पेटी घ्यावी, असे आम्ही सांगू. पडद्यावर खोटी पावती दाखवून निघून जाणारे लोक सगळीकडे आहेत, आणि तेलाच्या कढईसमोर उभ्या असलेल्या बाईला दर वेळी फोन पाहणे शक्य नाही. तिसरी गोष्ट कर्जाची. चार महिने स्कॅनर चालला की ॲपमध्येच कर्जाचे आमिष येते आणि रोजच्या कमाईतून हप्ता कापला जातो. एकूण किती फेडायचे तो आकडा पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. फेरीवाल्यांसाठी सरकारची स्वनिधी योजना २०२० पासून आहे. २०२५ साली तिचा पहिला हप्ता दहा हजारांवरून पंधरा हजार झाला. यूपीआयने पैसे घेणाऱ्याला त्यात थोडी रक्कम परतही मिळते. आधी पालिकेत तिची चौकशी करावी.

पैसा बँकेतच ठेवावा, ॲपच्या पाकिटात नको. २०२४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि १५ मार्चनंतर तिथल्या खात्यात नवी भर टाकणे बंद झाले. ज्यांचा स्कॅनर त्या खात्याला जोडलेला होता त्यांना धावपळ करून दुसऱ्या बँकेचे खाते जोडावे लागले. पेटीएमचे ॲप मात्र पुढेही चालू राहिले, कारण दुसऱ्या बँकांचा रस्ता उघडाच होता.

जीएसटीची भीती अनेकांच्या मनात आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून लहान विक्रेत्यांना नोटिसा गेल्या, तेव्हा काहींनी स्कॅनर काढून टाकले. कायदा असा आहे की महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाखांपर्यंत आणि गाडीवर पोहे, चहा करून देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. वर्षाचे तीनशे दिवस गाडी लावली तर वीस लाख म्हणजे रोजची साडेसहा हजारांवर विक्री झाली, आणि त्यात रोखीचे पैसेही धरतात. आपल्यापैकी कितीजण तिथे पोहोचतात? खरा त्रास होतो तो नातेवाइकांचे, भिशीचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात आल्यावर. म्हणून धंद्याचे खाते वेगळे असलेले बरे.

रात्री आपल्या स्कॅनरवर दुसऱ्याचा कागद चिकटवून जाणारेही आहेत. सकाळी गाडी लावली की एक रुपया टाकून नाव पाहून घ्यावे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. जो मागतो तो चोर समजावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो. आणि गल्ल्यात सुटे असू द्यावेत. दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे दुकान लावणाऱ्यांना गर्दीत नेटवर्क कसे बसते ते माहीत आहे.

परवा आम्ही पुन्हा त्या पोह्याच्या गाडीवर गेलो. बाईने बँकेत तीन खेपा घातल्या होत्या. तिसऱ्या खेपेला मुलगाच गाडीवर घेऊन गेला. आठ दिवस तो नीट बोलत नव्हता, असेही तिने हसत सांगितले. आता फोन केला की पडद्यावर तिचे नाव येते. नवी पेटी हिंदीत बोलते. मराठीत करून देतो म्हणून कंपनीचा पोरगा सांगून गेला आहे, अजून आलेला नाही.